पुठ्ठ्यामागचे आवाज

मंगळवारी सकाळी साडेदहाला एका ओळीचं उत्तर आलं. 'आपण कळवलेली चित्रफीत काढून टाकण्यात आली आहे.' खाली सही नाही, नाव नाही, साधं 'आपला विश्वासू'सुद्धा नाही. अकरा महिने मावशीनं त्या हट्टी साइटमागे टुमणं लावलं होतं. सत्तावीस पत्रं लिहिली होती, त्यातलं शेवटचं तर इतक्या गोड भाषेत की लिहिताना तिचं तिलाच हसू आलं होतं. आता काम झालं तर आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही. भाचा खुर्चीसकट वळला आणि म्हणाला, "मावशी, टपटप संपली. एकोणीसच्या एकोणीस प्रती गेल्या. आता कुठं नावालाही सापडायची नाही." ऑफिस त्याचं होतं, नियमही त्याचेच. फाइल बंद झाली की पुरावा म्हणून ठेवलेल्या प्रती त्याच दिवशी पुसायच्या, उद्यावर टाकायचं नाही. दुसऱ्या एका ऑफिसातून असाच पुरावा बाहेर फुटला होता आणि तेव्हापासून भाच्यानं ह्या बाबतीत कुणाचंच, अगदी मावशीचंही, ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. मशीननं विचारलं, कायमचं पुसायचं? मावशीनं 'हो'वर बोट ठेवलं. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन चालला होता, त्याच्यामागून येणारे लोक शिडीच्या टोकापासून डोकी वाचवत होते. बघण्यासारखं एवढंच होतं, पण ती बराच वेळ बघत राहिली. घराबाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही असं वाटत राहतं, तसं काहीतरी तिच्या मनात घोळत होतं.

काम समजावून सांगायला तसं अवघड नव्हतं, पण मावशी ते कुणाला सांगत नसे. काही बायका, काही पुरुषही, वर्गणी भरणाऱ्या मोजक्या लोकांसाठी आपलं खाजगी काहीतरी दाखवतात. कोण काय दाखवतं आणि का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. वर्गणी भरणाऱ्यांतलाच एखादा ते चोरून उतरवून घेतो आणि चव्हाट्यावर मांडतो. मग ते दहा ठिकाणी पसरतं, कडा कापून, डावं-उजवं उलटवून, नाव बदलून, वर गाणं चढवून. चेहऱ्यावरून ओळखणारी यंत्रं अशा वेळी चकतात. मावशी चकत नसे, कारण ती बघतच नसे. पहिल्याच दिवशी तिनं नवऱ्याच्या नव्या शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा आणून पडद्यासमोर उभा केला होता आणि कानांवर हेडफोन चढवले होते. भाचा म्हणाला, "अगं मावशी, न बघता कसं ओळखणार?" ती म्हणाली, "तू बघ तुझं. मी ऐकते." पंधरा दिवसांत तिनं ओळखलेली चोरी यंत्राच्या दुप्पट भरली. चित्र कापता येतं, उलटवता येतं, पण खोलीत मागं जे वाजत असतं ते तसंच राहतं. कुणाकडे लिफ्टचा घरघराट, कुणाकडे पारव्यांचं घुमणं, कुणाकडे घड्याळ, तेही दर ताशी दोन ठोके जास्त देणारं. फाइलींना नंबर होते, पण दोघांच्या बोलण्यात नावं हीच पडली: लिफ्ट, पारवा, ठोके. सदतीस नंबरच्या फाइलीत नळ गळत होता. ती टपटप.

टपटपला मावशीनं कधी पाहिलं नव्हतं. मुलगी सव्वीस वर्षांची, एवढंच कागदावर. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला ती लाइव्ह असायची. लाइव्हमध्ये काही कापता येत नाही, नंतर स्वतःजवळ काही उरतही नाही. जे उरलं ते चोरानं उतरवून घेतलेलं तेवढंच. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं लोक जमेपर्यंत ती नुसती बसून असायची, आणि त्या मिनिटांत, नळाच्या टपटपीच्या पलीकडून, शेजारच्या खोलीतून तिची आई बोलायची. चोरी ओळखायला ह्याहून पक्की खूण नव्हती. कुठल्याही प्रतीत ती आई सापडली की मावशी मनाशी म्हणायची, आलात का, या. अकरा महिन्यांत तिला त्या बाईचा खोकला, बाईची कपाटाशी होणारी झटापट आणि 'गं'वर जाऊन थांबणारा तो जाडसर आवाज स्वतःच्या जावेच्या आवाजापेक्षा जास्त पाठ झाला होता. जावेनं हे ऐकलं असतं तर बोलणंच टाकलं असतं.

घरी नवरा होता, त्याला डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नसे आणि उजव्यानं फक्त सोयीचं. मावशी दिवसभर ऐकून ऐकून घरी यायची आणि तिथं हा माणूस रेडिओ शेजाऱ्यांसाठीही लावून बसलेला असायचा. त्या संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातला नळ अर्धवट बंद केला आणि गळू दिला. थेंब पडत राहिले. नवऱ्याला ते ऐकू यायची शक्यताच नव्हती, पण त्याला दिसलं. "नळ गळतोय," तो ओरडून म्हणाला. "राहू दे," ती म्हणाली. "काय?" "राहू दे म्हटलं थोडा वेळ." त्यानं तिच्याकडे पाहिलं, उठला, आणि काही न विचारता थेंबाखाली एक पातेलं ठेवून आला, पाणी वाया जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षांच्या संसारात तिला ह्या माणसाचा राग यायचा तेव्हा नेमकं असं काहीतरी करून तो तिची पंचाईत करायचा.

गुरुवारी टपटपचं पत्र आलं. एरवी ती दोन ओळी लिहायची, त्यातली एक आभाराची. हे पत्र लांब होतं आणि आभार त्यात शेवटी होते. 'काम पूर्ण झाल्याचं कळलं. तुम्ही एवढं केलंत त्याबद्दल काय बोलू. पण एक विचारायचं आहे. आई तीन आठवड्यांपूर्वी गेली. तिला फोनवर, कॅमेऱ्यासमोर बोलायला कधीच आवडायचं नाही, त्यामुळे तिचा आवाज माझ्याकडे कुठंच नाही. फक्त त्या चोरीच्या व्हिडिओंत होता, सुरुवातीला. मी आईला सांगितलं होतं की मी ऑनलाइन शिकवणी घेते. सगळं बाहेर फुटल्यावर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तिला सांगितलं. त्यानंतर आई माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. जेव, झोप, दार लाव, एवढंच. दहा महिने. त्याआधीचा तिचा आवाज मला एकदा ऐकायचा आहे, मी खोटं बोलत होते पण तिला ते माहीत नव्हतं तेव्हाचा. लोक म्हणतात इंटरनेटवरून काही कायमचं जात नाही. एखादी प्रत कुठं राहिली असेल का?'

मावशीनं ते दोनदा वाचलं. भाचाही तिच्या खांद्यावरून वाचत होता. "आपल्याकडे काही?" तिनं विचारलं, उत्तर माहीत असून. "तूच तर पुसलंस मंगळवारी," तो हळू म्हणाला आणि लगेच त्यालाच वाईट वाटलं, "म्हणजे, नियमच होता गं माझा." रविवार सोडून पुढचे तीन दिवस मावशीनं आयुष्यात कधी केलं नाही ते केलं, चोरी सापडावी म्हणून देवाचा धावा केला. ज्या साइटींवर जाताना ती नाक मुरडायची त्या एकेक उघडल्या, पुठ्ठा लावून, हेडफोन लावून. ज्यांना पत्रं लिहिली होती, ज्यांना धमकावलं होतं, जिथून एकेक प्रत उपटली होती, तिथं तिथं ती परत गेली आणि म्हणाली, असू दे, एखादी तरी असू दे. लिफ्ट भेटली, पारवे भेटले, कुठलीशी अनोळखी कुत्री भुंकली. नळ नव्हता. तिनं काम इतकं चोख केलं होतं की आता तिलाच त्यात बोट घालायला फट उरली नव्हती. सोमवारी पाच वाजता तिनं हेडफोन काढले तेव्हा कान लाल झाले होते. आपण त्या मुलीची आई पुसली, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं, आणि रडू आलं.

तिची स्वतःची आई ती नऊ वर्षांची असताना गेली होती. आईचा चेहरा फोटोत होता. आईचे शब्दही तिच्याजवळ होते, 'वेणी घालून घे आधी', 'हात धुतलेस का' असे पाच-सात. आवाज मात्र नव्हता. लहानपणी ती अंथरुणात पडून तो आठवून बघायची, आणि कुठल्यातरी रात्री, कुठल्या ते कळलं नाही, त्याच्या जागी तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला. पुढे कोर्टात लघुलेखिका म्हणून लागली. एकतीस वर्षं लोक बोलत राहिले आणि ती शॉर्टहँडमध्ये उतरवत राहिली. साक्षीदार अडखळला तर अडखळणं, खोकला तर खोकला, गप्प झाला तर किती वेळ गप्प. जज्जसाहेब म्हणायचे, हे रेकॉर्डवर घेऊ नका, तोवर तिच्या हातानं घेतलेलंही असायचं. साहेब गेले, कोर्टाची इमारत नवी झाली, हाताची खोड काही गेली नाही. भाच्याच्या ऑफिसातही ती ऐकता ऐकता पेन्सिलीनं वहीत ओढत असायची. मशीनमध्ये भरायच्या तक्त्यात नुसतं 'तिसरं मिनिट, बाईचा आवाज, शेजारची खोली' एवढंच जायचं. बाई काय बोलली ते तक्त्यात लागत नव्हतं. ते वहीत राहायचं. भाचा त्या वह्यांना मावशीच्या मुंग्या म्हणायचा आणि त्या कुणाला वाचताच येत नाहीत म्हणून पुसायच्या यादीत त्या कधी आल्याच नव्हत्या.

डोळे पुसता पुसता तिला खालच्या खणातल्या वह्या दिसल्या. सदतीस नंबरच्या तीन होत्या. तिनं एक काढली, मिटली, पुन्हा उघडली. पहिला विचार आला तो लाजेचा. आम्ही काही बघत नाही, असं ऑफिसच्या करारात लिहिलं होतं, आणि ते खरं होतं, पण कुणाच्या घरातलं एवढं ऐकून उतरवून ठेवणं म्हणजे बघण्याहून काही फारसं वेगळं नव्हतं. त्या मुलीला एकदा सगळ्या जगानं उघडं पाडलं होतं. आता आणखी एक म्हातारी निघायची, भिंतीला कान लावून बसलेली. आणि शब्दांचा उपयोग काय, तिला आवाज हवा होता. तरी मावशी वाचत राहिली, तारखेमागून तारीख. ऐकताना प्रत्येक फीत सुटी होती, वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या साइटींवर सापडलेली. आता एकापाठोपाठ एक वाचताना एका जागी तिचं बोट थांबलं. तिनं मागची पानं उलटली, पुढची उलटली, तिन्ही वह्या टेबलावर शेजारी मांडल्या आणि चष्मा पुसून सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिनं स्वतःच मुलीला पत्र लिहिलं, एका ओळीचं: 'आवाज नाही, पण काहीतरी आहे. इकडे येऊ शकाल का?'

मुलगी मंगळवारी दुपारी आली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, जिना लाकडी, एकवीस पायऱ्यांचा, आणि ती येताना मावशीनं पावलं मोजली, सवयीनं. दारात एक बारीकशी मुलगी उभी होती, केस मागं आवळून बांधलेले, साध्या सुती कपड्यांतली. ही रस्त्यात भेटली असती तर मावशी बाजूनं निघून गेली असती. मग मुलीनं बोलायच्या आधी घशात एक लहानसं 'हं' केलं आणि मावशीला तिची अकरा महिन्यांची ओळख पटली. भाचा उठला, म्हणाला, "मी जरा खालून चहा सांगून येतो," आणि जाताना दार ओढून घेतलं. चहाला एवढा वेळ लागत नाही हे तिघांनाही माहीत होतं.

"बसा," मावशी म्हणाली, आणि मग, "बस गं."

मुलगी बसली. समोर पुठ्ठा उभा होता, त्याच्याकडे ती बघत होती. "हा कशाला?"

"मी बघत नाही. नुसतं ऐकते. तुला आज पहिल्यांदा बघतेय."

मुलीचे खांदे थोडे खाली आले. मावशीनं वह्या पुढ्यात ओढल्या आणि सगळं सांगून टाकलं, कोर्टाचं, हाताच्या खोडीचं, तक्त्यात न गेलेल्या शब्दांचं. "तुला आवडणार नाही कदाचित. तुमच्या घरातलं ऐकलंय मी. तू म्हणालीस तर आत्ता तुझ्यासमोर फाडते."

"काय म्हणते ती?" मुलीनं विचारलं.

मावशी वाचायला लागली. कोर्टात परत वाचून दाखवायची पद्धत होती, स्वर न लावता, आपलं काही न मिसळता. तसंच ती वाचत होती. "'टॉवेल आत घे, पाऊस येईलसं दिसतंय.' कपाटाचं दार, दोनदा. 'हे कपाट एक दिवस माझ्या अंगावर पडणार आहे.'" मुलगी हसली आणि तिनं तोंडावर हात धरला. "'नळवाला आज पण नाही आला. येतो येतो म्हणतो मेला.' खोकला. 'झाकून ठेवलंय गं, झालं की खाऊन घे.'"

"तसं नाही," मुलगी एकदम म्हणाली. "ती असं म्हणायची नाही. 'झाकून ठेवलंय गं...' तो 'गं' लांब असायचा. मग थांबायची. मग 'झालं की खाऊन घे'."

मावशीनं वहीतून मान वर केली. हा तो आवाज होता. जाडसर, शेवटी जरा घसरलेला, गळणाऱ्या नळापलीकडून येणारा. मुलीला ते कळलंच नव्हतं, ती आईची नक्कल करायच्या नादात होती. तीन दिवस सगळ्या जगाच्या उकिरड्यात शोधला तो आवाज इथं, समोरच्या खुर्चीत होता.

"परत म्हण," मावशी म्हणाली.

"काय?"

"म्हण तर. आणि ऐक."

मुलीनं म्हटलं. अर्ध्यावर आली आणि थांबली. तिनं गळ्याला हात लावला, तिथं काही दुखत असावं तसा. मग बराच वेळ ती नुसती बसून राहिली आणि मावशीनं तिला बसू दिलं. कोर्टातलं असतं तर ही शांतता तिनं सेकंदांत लिहिली असती. आज पेन्सिल टेबलावर होती.

"अजून आहे," शेवटी मावशी म्हणाली. "हे मात्र ऐकायचं की नाही ते तू ठरव. मला कालच कळलंय. तोवर मलाही नव्हतं कळलं."

"वाचा."

"नऊ तारखांना तुझी आई सुरुवातीला एकच वाक्य बोलते. 'तुझी शिकवणी सुरू होईल आता, मी जाऊन येते गं तासाभरात. खोलीची कडी लाव.'"

"हो. ती देवळा... नाही, ती चालायला जायची. शिकवणीत तिचा आवाज नको म्हणून." मुलगी जराशी हसली. "मला बरंच वाटायचं. घर रिकामं असायचं, मी कानांत गाणं लावून बसायचे."

मावशीनं चष्मा सारखा केला. "तुमचं बाहेरचं दार वाजतं. करकरतं. बाकी वेळी मी ते लिहिलंय, शेजारीण आली तेव्हा, दूधवाला आला तेव्हा. ह्या नऊ तारखांना, ती जाते म्हणाल्यावर, ते वाजलेलं नाही." ती आणखी सावकाश वाचायला लागली. "चौदावं मिनिट, गाण्याखालून, शेजारच्या खोलीत खोकला, दाबलेला. बाविसावं मिनिट, खुर्ची सरकते. पुढच्या तारखेला, एकतिसावं मिनिट, बेल. दार करकरतं. बाईचा आवाज, हळू. 'ती कामात आहे. मी सांगते तिला. आता नको.' दार बंद. खुर्ची."

"पण ती बाहेर गेलेली होती," मुलगी म्हणाली.

मावशीनं वही तशीच उघडी धरली.

"ती बाहेर गेली होती," मुलगी पुन्हा म्हणाली, ह्या वेळी हळू, आणि मग तिसऱ्यांदा तिनं ते म्हटलं नाही. "पहिली तारीख कुठली?"

मावशीनं सांगितली. फुटायच्या पाच महिने आधीची होती. मुलीनं बोटांवर मोजलं. खालच्या मजल्यावरच्या बाईनं सांगितलं त्याच्या पाच महिने आधीपासून, आठवड्यातून दोनदा, आई जाते म्हणून सांगायची, आणि शेजारच्या खोलीत खुर्ची टाकून दारावर बसायची, खोकला दाबून. कुणी मध्येच आत येऊ नये म्हणून. आणि पोरीला घर रिकामं वाटावं म्हणून.

"मग नंतर का नाही बोलली माझ्याशी?" मुलीचा आवाज चिरकला. "दहा महिने एका घरात होतो आम्ही. नुसतं जेव आणि झोप."

"मला नाही सांगता यायचं," मावशी म्हणाली. तिला खूप काही सांगावंसं वाटत होतं, पण एकतीस वर्षं तिनं लोकांच्या बोलण्यात आपलं मिसळलं नव्हतं. "दार लाव, असंही म्हणायची ना? तूच लिहिलंयस."

मुलीनं मान हलवली. मग ती रडली, आवाज न करता, अगदी व्यवस्थित, रुमाल शोधून. चहा आला नाही. मावशीनं तिन्ही वह्या तिच्यासमोर ठेवल्या. मुलगी म्हणाली, मला हे मुंग्यांसारखं वाचता येणार नाही. मावशी म्हणाली, दर मंगळवारी ये, मी लिहून देते साध्या अक्षरात, घाई नाही. मुलीनं विचारलं, सहाला येऊ? मावशी म्हणाली, सहाला ये.

"येते मी," मुलगी दारातून म्हणाली. मावशीनं ऐकलं, तो 'मी' तिच्या आईच्या धाटणीचा होता.

ती गेल्यावर मावशी खुर्चीत बसून जिना ऐकत राहिली. एक, दोन, तीन. आठपर्यंत पावलं नीट होती, मग सावकाश झाली, आणि तेराव्या पायरीवर थांबली. खालचं दार वाजलं नाही. मावशीनं वाट बघितली. कपड्याची सळसळ झाली, कुणी पायरीवर बसल्याची, आणि मग भिंतीला डोकं टेकल्याचा बारीकसा आवाज. उठावं, जावं, पाठीवरून हात फिरवावा, असं तिला वाटलं. ती अर्धी उठलीही. मग तिनं खुर्ची उचलून, सरकल्याचा आवाज होणार नाही अशी, दाराशी नेऊन ठेवली आणि तिथं बसली. खाली रस्त्यावर गाड्या जात होत्या. बराच वेळ दोघींपैकी कुणी हललं नाही. मग, कुणीतरी इथं आहे एवढं खाली कळावं म्हणून, मावशी एकदा हळूच खोकली.